परवान्याचे पाठभेद

येलहंका हे बेंगळूरुच्या उत्तरेचे उपनगर आज विमानतळाच्या वाटेवरचे ठिकाण म्हणून ओळखले जात असले, तरी ते बेंगळूरुहून जुने आहे. १५३७ च्या सुमारास बेंगळूरु वसविणारा केंपेगौडा हा येलहंक्याच्या नाडप्रभूंच्या घराण्यातला. पुढे १६३८ मध्ये विजापूरकरांच्या फौजेने बेंगळूरु जिंकले, ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या भूमीचा प्रवेश झाला. शहाजीराजांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. त्यात संस्कृताबरोबर अनेक देशभाषांतील रचना आल्या आहेत. वि. का. राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये संपादून प्रसिद्ध केला, तेव्हा मूळ रचनेला अडीचशेहून अधिक वर्षे लोटली होती. इतक्या जुन्या ग्रंथाचे हस्तलिखित मिळवणे, ते लावणे, अर्थासाठी झगडणे हे सारे कष्ट संपादकाच्या वाट्याला येतातच. परंतु ते हस्तलिखित उघडण्यापूर्वी राजवाड्यांना कोणाकडूनही परवानगीची मुदत वाढवून घ्यावी लागली नाही. ही गोष्ट त्या काळी नमूद करण्याजोगीसुद्धा नव्हती. आज ती नमूद करावी लागते.

याच येलहंक्याच्या परिसरात आज कृषिविज्ञान विद्यापीठाचे ‘जीकेव्हीके’ हे विस्तीर्ण आवार आहे, कला व अभिकल्प शिकविणारी ‘सृष्टी’ ही संस्था आहे, रेवा विद्यापीठ आहे, निट्टे मीनाक्षी ही तंत्रशिक्षणाची संस्था आहे. विद्येच्या अशा कोणत्याही वस्तीत शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर एका विशिष्ट प्रकारचे पत्र येऊन पडते. अमुक आज्ञावलीच्या वापराच्या अटी अमुक दिनांकापासून बदलत आहेत, वापर चालू ठेवल्यास नव्या अटी मान्य असल्याचे समजण्यात येईल, असा त्याचा मथितार्थ असतो. पत्र संगणककेंद्राकडे जाते, तेथून खरेदी-समितीकडे, तेथून लेखाविभागाकडे. भाषाविभाग असलाच तर त्याला एक प्रत ‘माहितीस्तव’ मिळते, आणि ती फाइलीत लागते. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांचे परवाने लाखांच्या हिशेबात मोडतात. त्यांच्या शेजारी भाषाविभागाचे दोनचार संगणक आणि त्यांवरील अक्षरजुळणीची सोय यांची कोण दखल घेणार? विभागालाही त्याचे फारसे वैषम्य वाटत नाही. हा विषय आपला नव्हे, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

ही समजूत चुकीची आहे. परवाना, शासकीय परिभाषेत अनुज्ञप्ती, ही प्रथमतः एक संहिता आहे. तिला कर्ता आहे, तिच्या आवृत्त्या आहेत, तिच्यात शब्दांच्या व्याख्या आहेत आणि त्या व्याख्या आवृत्तीगणिक पालटतात. एका शब्दाच्या पालटाने अर्थ कोठल्या कोठे जातो, हे ओळखण्याचे शिक्षण विद्यापीठात जर कोणाला मिळालेले असेल तर ते साहित्याच्या अभ्यासकाला. आणि नेमका तोच ही एक संहिता न वाचता तिच्यावर सही करतो, किंवा दुसऱ्याला आपल्या वतीने करू देतो.

गेल्या काही वर्षांतील तीन मोठे बदल पाहिले, तर ते प्रत्येकी एका शब्दावर फिरलेले दिसतात. २०१३ मध्ये ॲडोबी या कंपनीने आपल्या अक्षरजुळणीच्या व चित्रांच्या आज्ञावल्यांच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीने मिळतील असे जाहीर केले. म्हणजे ‘कायम’ हा शब्द गेला. एकदा पैसे भरून प्रत स्वतःजवळ ठेवण्याचा प्रकार संपला आणि भाडे थांबले की काम थांबेल असा प्रकार सुरू झाला. २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण मागे घेत असल्याचे सांगितले, आणि जुलै २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइटांची सामाईक मर्यादा लागू करण्याचे ठरविले. येथे ‘अमर्याद’ हे विशेषण गळाले. २०२३ च्या जानेवारीत ओरॅकलने ‘जावा’ या प्रणालीच्या वर्गणीचा हिशेब वापरणाऱ्यांच्या संख्येवरून न करता संस्थेच्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवरून करण्याची पद्धत आणली, आणि कर्मचारी या शब्दाच्या व्याख्येत अर्धवेळ व हंगामी माणसेही घातली. ‘वापरकर्ता’ या पाठाच्या जागी ‘कर्मचारी’ हा पाठ आला. ज्याने ‘जावा’चे नावही ऐकलेले नाही असा मराठीचा तासिका-तत्त्वावरील अध्यापकसुद्धा या हिशेबात मोजला जाऊ शकतो. संहिताचिकित्सेत ज्याला पाठभेद म्हणतात त्याचीच ही उदाहरणे होत. फरक इतकाच की येथे जुना पाठ तळटिपेत दिला जात नाही. तो नाहीसा होतो.

या बदलांचा साहित्याच्या अभ्यासाशी संबंध काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मराठी मुद्रणाच्या अलीकडच्या इतिहासातच आहे. जावजी दादाजींनी उभारलेल्या निर्णयसागरचे देवनागरी खिळे देशभरचे छापखाने विकत घेत. विकत घेतलेला खिळा त्या छापखान्याचा होई. तो झिजेपर्यंत चाले, झिजला की वितळे. आणि ज्याने तो ओतला त्याचा कारखाना पुढे चालला काय, बंद पडला काय, जुळवलेल्या मजकुराला त्याची झळ लागत नसे. छापलेले पुस्तक तर सर्वस्वी स्वतंत्र. खिळा, फर्मा आणि पुस्तक या तिन्ही गोष्टी मालकीच्या दृष्टीने निरनिराळ्या होत्या.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात डीटीपी आली आणि ही व्यवस्था उलटीपालटी झाली. मराठी पुस्तके, नियतकालिके, विभागांच्या संशोधनपत्रिका पेजमेकरवर जुळू लागल्या. त्यांत वापरलेले देवनागरी टंक निरनिराळ्या कंपन्यांचे, आणि प्रत्येकाची अक्षरसंकेतांची मांडणी वेगळी. बहुतेक ठिकाणी रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले असत, म्हणून तो विशिष्ट टंक काढून घेतला की पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग उरे. वास्तविक भारतीय लिप्यांसाठी एक समान संकेतप्रणाली उपलब्ध होती. आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’चे काम तिच्यावरच उभे होते, १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून मान्य झाली, आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी या परंपरेतूनच घेतली. परंतु छपाईच्या बाजाराने आपापल्या मांडण्या सोडल्या नाहीत. पुष्कळशा आज्ञावल्यांबरोबर एक कुलूप येई, त्यास डोंगल म्हणत. संगणकाच्या मागे, छपाईयंत्राची तार जेथे लागते तेथे ते बसवावे लागे. ते असले तर मराठी उमटे, नसले तर नाही. ती खोबण आजच्या संगणकांना राहिलेली नाही.

पुढचा घटनाक्रम पाहण्यासारखा आहे. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये निघाली. तिच्यानंतर त्याच कंपनीच्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरची कामे उघडता येत असत. परंतु ही सोय ‘सीएस ६’ या आवृत्तीपर्यंतच होती. तीच कायम मालकीने मिळणारी शेवटची आवृत्ती. म्हणजे ‘कायम’ हा शब्द ज्या वळणावर गेला, त्याच वळणावर जुन्या कामांचे दारही लागले. जानेवारी २०२३ मध्ये त्या कंपनीने ‘टाइप-१’ या जातीच्या टंकांचा आधारही काढून घेतला; जुन्या देवनागरी टंकांपैकी जे त्या जातीचे होते ते तेथे निरुपयोगी झाले. यांपैकी कोणताही बदल मराठीविरुद्ध योजलेला नव्हता. मराठी त्यांच्या हिशेबातच नव्हती, एवढेच. परिणाम मात्र असा की १९९५ ते २००५ या दशकातला एखाद्या विभागाचा परिभाषाकोश, त्याच्या संशोधनपत्रिकेचे अंक, एखाद्या निवृत्त अध्यापकाने पंधरा वर्षे खपून तयार केलेली बोलीशब्दांची सूची, हे सारे तबकड्यांवर जसेच्या तसे असूनही वाचता येत नाही. वाळवीने खाल्लेल्या पोथीचा निदान उरलेला भाग वाचता येतो. येथे एकही अक्षर नष्ट झालेले नसते आणि एकही लागत नाही.

बेंगळूरुच्या वाचकांना याहून सौम्य, म्हणून अधिक बोधप्रद असे एक उदाहरण आठवेल. १९९८ मध्ये शेषाद्रिवासू चंद्रशेखरन यांनी ‘बरह’ ही कन्नड लेखनाची आज्ञावली प्रसिद्ध केली. कन्नडमध्ये बरह म्हणजे लेखन. पुढे तिच्यात इतर भारतीय भाषा आल्या, त्यांत मराठीही होती; आणि महाराष्ट्राबाहेरच्या, विशेषतः परदेशातल्या कितीतरी मराठी माणसांनी संगणकावर पहिले मराठी वाक्य तिच्या आधाराने लिहिले. कित्येक वर्षे ती विनामूल्य मिळत असे. नंतरच्या आवृत्त्या सशुल्क परवान्याखाली आल्या. यात कर्त्याचा दोष काढण्याचे कारण नाही. अनेक भाषांचे ओझे वर्षानुवर्षे वाहणाऱ्याने मोबदला मागावा यात गैर काहीच नाही. बोध घ्यायचा तो वापरणाऱ्यांनी. विनामूल्य आणि मुक्त हे दोन शब्द समानार्थी नव्हेत. फुकट दिलेली वस्तू उद्या विकत दिली जाऊ शकते; मुक्त परवान्याखाली एकदा दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. इंग्रजीतील एकच शब्द हे दोन्ही अर्थ वाहत असल्याने तिकडे गोंधळ होतो. मराठीत दोन स्वतंत्र शब्द असताना तो गोंधळ आयात करण्याची गरज नव्हती.

दुसरे उदाहरण अधिक ताजे आहे आणि त्यात संशोधक विद्यार्थ्याचे भवितव्य गुंतलेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमावलीने पीएच. डी. प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक केले. ‘शोधगंगा’ या संग्रहाचा विस्तार त्यातून झाला. २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयीचे विनियम आले. त्यांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही. ६० च्या पुढे नोंदणीच रद्द होते. साम्य मोजायचे ते यंत्राने. त्यासाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१९ मध्ये ‘शोधशुद्धी’ या योजनेखाली ‘अर्कुंड’ ही परदेशी प्रणाली विद्यापीठांना उपलब्ध करून दिली. ती प्रणाली दुसऱ्या एका प्रणालीत विलीन होऊन ‘ओरिजिनल’ झाली. २०२१ मध्ये ‘टर्निटिन’ या कंपनीने ती विकत घेतली. त्यानंतर योजनेत तिच्या जागी ‘ड्रिलबिट’ ही भारतीय प्रणाली आली. भारतीय प्रणाली आली याचा आनंद आहेच. पण साहित्याच्या अभ्यासकाला पडायला हवेत असे प्रश्न या उलथापालथीत कोणी विचारले?

दोन प्रणालींचे संग्रह वेगळे, तुलनेच्या रीती वेगळ्या. तेव्हा त्याच प्रबंधाचे दोन आकडे येणे स्वाभाविक आहे. नियमातला दहाचा आकडा मात्र जागचा हललेला नाही. माप बदलले आणि मर्यादा तीच राहिली, तर अकरा टक्क्यांवर अडलेल्या विद्यार्थ्याला नेमके कोणी अडविले? शिवाय मराठी संतसाहित्यावरच्या प्रबंधात ओव्या-अभंगांची अवतरणे असणारच. ती साम्य म्हणून मोजली जाऊ नयेत यासाठी अवतरणे वगळण्याची सोय वापरावी लागते, आणि ओवी अवतरणचिन्हांत न घालता स्वतंत्र ओळींत छापण्याची मराठी रीत यंत्र ओळखते की नाही हे विभागानेच तपासले पाहिजे. उलटपक्षी जुन्या टंकात जुळवलेला प्रबंध यंत्राच्या दृष्टीने रोमन अक्षरांची अर्थहीन मालिका असतो. त्यातून कोणी पानेच्या पाने उचलून युनिकोडमध्ये लिहून काढली तर यंत्राला सुगावा लागण्याचा मार्ग नाही. म्हणजे प्रामाणिकपणे अवतरण देणारा सापडावा आणि उचलेगिरी करणारा सुटावा, अशी ही स्थिती. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तपासणीसाठी दिलेला प्रबंध त्या प्रणालीच्या संग्रहात राहतो का, राहत असल्यास परवाना संपल्यावर आणि कंपनी विकली गेल्यावर तो कोणाच्या ताब्यात असतो? याचे उत्तर करारात असते, आणि करार वाचणाऱ्यांत प्रबंधाचा मार्गदर्शक नसतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की हे काम कायद्याच्या जाणकारांचे व संगणकतज्ज्ञांचे आहे, साहित्याच्या अध्यापकाने त्यात पडू नये. हा आक्षेप अर्धा खरा आहे. करार करणे, वाटाघाटी करणे हे त्यांचेच काम. परंतु अमुक अट बदलल्याने विभागाच्या कोणत्या ग्रंथावर, कोणत्या कोशावर, कोणत्या विद्यार्थ्यावर काय परिणाम होईल हे त्यांना ठाऊक असण्याची शक्यता नाही. वैद्याला रोग कळतो, तरी दुखते कोठे हे रोग्यालाच सांगावे लागते.

दुसरा आक्षेप उत्साही मंडळींचा. सर्व काही मुक्त आज्ञावल्यांवर न्यावे, म्हणजे प्रश्नच मिटेल, असे ते म्हणतात. देवनागरी टंकांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे पुष्कळसे खरे ठरले आहे. ‘आकृती’च्या टंकांपैकी नऊ भारतीय लिप्यांचा एक संच मुक्त परवान्याखाली आला, ‘लोहित’ हा टंकसमूह तसाच आला, आणि २०११ मध्ये त्याचा परवाना बदलून अधिक सोयीचा करण्यात आला, ‘एक टाइप’च्या ‘मुक्त’ व ‘बलू’ यांसारख्या टंकांनी आज देखण्या मराठी छपाईची अडचण उरू दिलेली नाही. परवान्याचा बदल नेहमी वापरणाऱ्याच्या विरुद्धच जातो असे नाही, हेही या उदाहरणांवरून दिसते. परंतु मुक्त आज्ञावलीला सांभाळणारी माणसे लागतात, आणि ती पगाराशिवाय मिळत नाहीत. परवान्याचे पैसे वाचवायचे आणि माणसाचेही द्यायचे नाहीत, असा संसार दोनचार वर्षांत बुडतो. तेव्हा प्रश्न मुक्त की सशुल्क इतका सरळ नाही. विभागाचा मजकूर आणि तो हाताळण्याचे साधन यांची गाठ सुटी राहते की नाही, हा खरा प्रश्न आहे. ती सुटी असेल तर सशुल्क साधनही चालेल. घट्ट असेल तर फुकटचेही महाग पडेल.

या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी मराठी परंपरेत आधीपासून आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. निरनिराळ्या प्रतींत शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले, आणि शेवटी आपल्या ओव्यांत हे काम केव्हा केले ते नोंदवून, यापुढे या ग्रंथात स्वतःची ओवी घुसडणाऱ्याला कडक ताकीद दिली. आजच्या भाषेत बोलायचे तर तो एक परवानाच होय. ग्रंथ वाचावा, त्याची प्रत करावी, पारायण करावे, कोणी अडविणार नाही. मात्र पाठ बदलू नये. १९८९ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त आज्ञावल्यांसाठी जो सार्वजनिक परवाना लिहिला, त्याची अट वेगळ्या दिशेने जाते. बदल खुशाल करावा, पण ज्या मोकळीकीने वस्तू मिळाली त्याच मोकळीकीने ती पुढे द्यावी. एकाची काळजी संहितेच्या शुद्धतेची, दुसऱ्याची साधनाच्या मोकळीकीची. दोन्ही परवान्यांत एक गोष्ट समान आहे: दिलेले परत घेण्याचा अधिकार देणाऱ्याने स्वतःकडे ठेवलेला नाही. विद्यापीठांकडे आज येणाऱ्या बहुतेक परवान्यांत नेमका तोच अधिकार राखून ठेवलेला असतो, आणि ‘अटी वेळोवेळी बदलू शकतात’ या एका निरुपद्रवी दिसणाऱ्या वाक्यात तो दडलेला असतो.

मग विभागाने करावे काय? फार मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. संहिताचिकित्सेचे शिस्तशीर वळण येथे लावले तरी पुष्कळ होईल. विभागात एक नोंदवही असावी. कोणते साधन कोणत्या परवान्याखाली, कोणत्या दिनांकापासून वापरात आहे, त्याची मुदत कधी संपते, आणि त्याच्यावाचून विभागाचा कोणता मजकूर उघडणार नाही, हे तिच्यात असावे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो संगणककेंद्राच्या कोणत्याही यादीत सापडणार नाही. स्वीकारलेल्या परवान्याचा त्या दिवसाचा संपूर्ण पाठ जतन करावा, कारण नवा पाठ आला की जुना मिळण्याची खात्री नसते; आणि दोन्ही पाठ शेजारी ठेवून कोणते शब्द गेले, कोणते आले, हे एका अध्यापकाने वाचावे. पाठनिश्चितीच्या तासाला विद्यार्थ्यांना हेच शिकविले जाते. मजकुराची मूळ प्रत नेहमी युनिकोडमध्ये, साध्या संहितेच्या रूपात, विभागाच्या स्वतःच्या ताब्यात असावी; सजवलेले पान कोणत्याही साधनाने तयार झालेले चालेल. नवे साधन घेताना किंमत विचारण्याआधी एक प्रश्न लेखी विचारावा: परवाना संपेल त्या दिवशी आमचा मजकूर आम्हाला कोणत्या रूपात परत मिळेल? उत्तर आले नाही, तर तेच उत्तर समजावे.

याबरोबरच जुन्या टंकांतील साहित्य युनिकोडमध्ये उतरविण्याचे काम तातडीचे मानले पाहिजे. रूपांतराची साधने उपलब्ध आहेत, पण ती निर्दोष नाहीत. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे यांत चुका राहतात आणि शेवटी जाणत्या माणसाला प्रत तपासावी लागते. हे काम संशोधन म्हणून धरले जात नाही, त्याला गुण नाहीत, त्यावर बढती मिळत नाही. एकनाथांची प्रत ज्या परंपरेत मानाने उल्लेखिली जाते, भांडारकर संस्थेत सुखठणकरांनी हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा ज्या परंपरेला अभिमान आहे, तिच्या विद्यापीठांनी प्रत सोडविण्याच्या कामाला कारकुनी ठरवावे, ही विसंगती चालू ठेवण्याचे समर्थन करता येणार नाही. मराठीच्या बाबतीत तर घाई अधिक आहे. डोंगल लावून चालणारे जुने संगणक अजून काही छापखान्यांच्या व विभागांच्या कोपऱ्यांत शाबूत आहेत, आणि ते चालविणारी माणसे हयात आहेत. दोन्ही फार काळ राहणार नाहीत.

येलहंक्याच्या एखाद्या आवारात येत्या जूनमध्येही ते पत्र येईल. ‘माहितीस्तव’ असा शिक्का असलेली प्रत भाषाविभागाच्या टेबलावर पडेल. ती फाइलीत लावण्यापूर्वी विभागातल्या एकाने मागच्या वर्षीचा परवाना काढावा, दोन्ही शेजारी ठेवावेत, आणि जेथे शब्द बदलला आहे तेथे समासात खूण करावी. मग ती प्रत ‘अभिप्रायार्थ’ म्हणून परत पाठवावी.